जुन्या स्पोर्ट्स कारची ओळखपट्टी आणि बॉडी नंबर : पहिल्यांदा गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी

पहिली जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाणारा माणूस रंग बघतो, क्रोम बघतो, इंजिन सुरू करून आवाज ऐकतो. निघता निघता बॉनेट उघडून ओळखपट्टीवरचा चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघतो. जुळला की गाडी खरी असं धरून बोलणी सुरू होतात. हा क्रम मला पटत नाही. नंबर आधी बघायचे, गाडीच्या प्रेमात नंतर पडायचं. आणि नंबर म्हणजे नुसती ती पट्टी नव्हे. चार स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी बसवलेला तो पातळ पत्रा दोन मिनिटांत निघतो आणि दुसऱ्या गाडीवर बसतो. कोऱ्या पट्ट्याही बाजारात विकत मिळतात.

चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे चार नंबर असतात. त्यांचा एकमेकांशी आणि कारखान्याच्या नोंदीशी मेळ बसतो का, यावर गाडीची ओळख ठरते. यातला बॉडी नंबर सगळ्यात दुर्लक्षित. आरसीत तो नसतो, विम्यात नसतो, विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतो. म्हणूनच खोटेपणा करणारा माणूसही बहुतेक वेळा त्याच्याकडे बघायला विसरतो, आणि तपासणाऱ्याच्या तो सगळ्यात कामी येतो.

इथे मी मुख्यतः जग्वारच्या दोन गाड्या घेतल्या आहेत, एक्सके १२० आणि ई-टाइप. दोन्हींची बांधणी वेगळी असल्यामुळे त्या दोन शिकल्या की बाकीच्या ब्रिटिश गाड्यांकडे कसं बघायचं हे कळतं. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. आजच्या गाड्यांना असतो तो १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन या गाड्यांना नाही. अमेरिकेने तो १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा केला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती आणि नंबर त्या त्या कंपनीच्या रीतीनेच वाचावा लागतो. इंटरनेटवरच्या व्हीआयएन शोधणाऱ्या साइटवर १९६२ च्या ई-टाइपचा नंबर घालून काहीही हाती लागत नाही.

निघण्यापूर्वी

विकणाऱ्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. कारखान्याच्या नोंदीचं प्रमाणपत्र असेल तर त्याचाही. जुनी बिलं, आयातीचे कागद, आधीच्या मालकाचं एखादं पत्र, जे असेल ते. फोटो आले की बसून चारही नंबर एका कागदावर लिहा आणि पुढे जागा मोकळी सोडा. गाडीवर प्रत्यक्ष जे दिसेल ते तिथे लिहायचं. 'बरोबर' अशी खूण करू नका, नंबर पुन्हा अक्षर न् अक्षर लिहा. डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं, लिहिताना मात्र चूक उघडी पडते.

बरोबर घ्यायचं सामान: चांगली टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, मऊ कापड, थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४०, लहान चुंबक, पातळ कागद, मऊ पेन्सिल आणि सेलोटेप. चुंबकाला कापड गुंडाळा, रंगावर ओरखडा नको. वायरब्रश आणि पॉलिश पेपर घरीच ठेवा. नंबरावर ते घासलेत तर पुरावा तुम्हीच पुसून टाकाल, आणि पुढचा तपासणारा तुमच्याकडेच संशयाने बघेल.

एक्सके १२० : नंबर कुठे असतात

ही गाडी ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिला स्वतंत्र चेसिस आहे, वर बॉडी बसवलेली. चेसिस नंबर डाव्या बाजूच्या चेसिस-बीमवर, फ्लायव्हीलच्या आवरणासमोर पंच केलेला असतो. तिथे हात सहज पोचत नाही, आणि अनेक दशकांचं तेल आणि धूळ मिळून जाड थर बसलेला असतो. रॉकेलचं कापड लावून पाच मिनिटं थांबा, मग हळू पुसा. आरसा आणि टॉर्च तिथे लागतातच. तोच नंबर बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आडव्या भिंतीवरच्या, पितळी पट्टीवर पुन्हा असतो, आणि तिथे इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचेही नंबर असतात.

इंजिन नंबर दोन ठिकाणी असतो: ब्लॉकच्या उजव्या अंगाला ऑइल फिल्टरच्या वर, आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला. दोन्ही वाचा. ब्लॉक आणि हेड वेगवेगळे असतील तर इंजिन दोन इंजिनांतून जुळवलेलं आहे. त्याने गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत ठरवताना ते माहीत हवं. इंजिन नंबराच्या शेवटी ७, ८ किंवा ९ असतो. हे कॉम्प्रेशन रेशो: ७ म्हणजे सातास एक, आणि कमी दर्जाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून तो ठेवलेला. गिअरबॉक्सचा नंबर मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या खांद्यावर आणि वरच्या झाकणावर. तो बघायला गाडी जॅकवर किंवा खड्ड्यावर घ्यावी लागते. विकणारा कुरकुर करेल, तरी आग्रह धरा.

चेसिस नंबराच्या सुरुवातीवरून गाडीचा प्रकार कळतो. उजव्या स्टिअरिंगची उघडी टू-सीटर ६६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगची ६७०००१ पासून. ६६७ आणि ६७७ या मालिका घडीच्या कापडी टपाच्या ड्रॉपहेडच्या, ६६९ आणि ६७९ पक्क्या छताच्या कूपेच्या. प्रत्येक जोडीत पहिली उजव्या स्टिअरिंगची, दुसरी डाव्या. बॉडी नंबर हेच वेगळ्या वाटेने सांगतो: उघड्या गाडीला एफ, कूपेला जे, ड्रॉपहेडला पी. म्हणजे समोर उघडी टू-सीटर उभी आहे, चेसिस ६७९ ने सुरू होतो आणि बॉडी नंबर जे आहे, तर ती कारखान्यातून कूपे म्हणून निघाली होती आणि नंतर कुणीतरी तिचं छत कापलं किंवा बॉडीच बदलली. हे समजायला तज्ज्ञ लागत नाही, दोन नंबर एकमेकांशेजारी ठेवले की पुरे.

एक्सके १२० मध्ये आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होती. १९५० पासून पोलादी बॉडी आली. ॲल्युमिनियमच्या गाडीला फार मोठी किंमत येते, साहजिकच लोक चुंबक घेऊन जातात, दारावर लावतात, चिकटला नाही की 'ॲल्युमिनियमची आहे' म्हणून खूश होतात. पण पोलादी गाड्यांचीही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. चुंबक लावायचा तो मडगार्डवर. तिथे चिकटला तर गाडी पोलादी, मग चेसिस नंबर कितीही सुरुवातीचा असो. आणि नंबर सुरुवातीचा पण मडगार्ड पोलादी, असा प्रकार असेल तर शांतपणे पुढचे प्रश्न विचारायला लागा. पुट्टीचा जाड थर असला तरी चुंबक चिकटत नाही, म्हणून एकाच जागी न लावता सगळ्या मडगार्डवरून फिरवा.

ई-टाइप : नंबर बोल्टावर

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला सादर झाली आणि तिची बांधणी पूर्ण वेगळी आहे. मधला भाग मोनोकॉक, म्हणजे पत्र्याची एकसंध पेटी. तिच्या पुढे पोलादी नळ्यांच्या फ्रेम बोल्टने जोडलेल्या, आणि त्या फ्रेमच्या पुढच्या टोकाला आणखी एक चौकोनी चौकट, तीही बोल्टने. चेसिस नंबर पंच केलेला असतो तो या पुढच्या चौकटीच्या वरच्या दांडीवर, उजवीकडे, शॉक ॲब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर.

याचा अर्थ लक्षात घ्या. गाडीचा कायदेशीर नंबर ज्या भागावर आहे तो भाग पानं घेऊन सोडवता येतो. नळ्या आतून गंजतात, अपघातात सगळ्यात आधी तीच चौकट वाकते, त्यामुळे ती बदलणं हे ई-टाइपच्या दुरुस्तीत नेहमीचं काम आहे. नव्या चौकटीवर मिस्त्री जुना नंबर पुन्हा पंच करतो. प्रामाणिक कामातही हे घडतं, आणि अप्रामाणिक कामातही नेमकं हेच घडतं. कुजून संपलेल्या गाडीची चौकट आणि कागद घ्यायचे, दुसरीकडून आणलेल्या बॉडीला लावायचे, झाली 'मूळ' गाडी.

म्हणून ई-टाइपमध्ये नुसत्या चेसिस नंबरावर काहीच ठरत नाही. बॉडी नंबर मोनोकॉकवर असतो, उजव्या बाजूला स्कटलवर, म्हणजे विंडस्क्रीनच्या पायथ्याशी पुढे, छोट्या पट्टीवर. ३.८ लिटरच्या उघड्या गाडीला त्याची सुरुवात आर ने होते, कूपेला व्ही ने. ४.२ लिटरच्या पहिल्या गाड्यांत (सिरीज १) ४ई ने. हा नंबर कारखान्याच्या नोंदीत असतो. चौकट एका गाडीची आणि पेटी दुसऱ्या गाडीची असेल तर चेसिस नंबर नोंदीशी जुळेल, बॉडी नंबर जुळणार नाही. पट्टीच नसेल तर तिथली भोकं बघा. पट्टी होती आणि काढली, की तिथे कधी पट्टी नव्हतीच, हे पत्रा सांगतो. नवा पत्रा असेल तर बॉडीचा तो भाग बदललेला आहे.

चौकट बदलल्याचं मालकाने स्वतःहून सांगितलं तर ते चांगलं लक्षण. कामाचे फोटो मागा, आणि जुन्या चौकटीचा नंबर असलेला तुकडा ठेवला आहे का विचारा. चांगले रिस्टोरर तो कापून मालकाच्या हवाली करतात. असा गंजका तुकडा फाइलमध्ये असणं हे चकाचक नव्या पंचपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

आता मालिका. ३.८ च्या गाड्यांत ८५०००१ पासून उजव्या स्टिअरिंगची उघडी, ८६०००१ पासून उजव्या स्टिअरिंगची कूपे, ८७५००१ पासून डाव्या स्टिअरिंगची उघडी, ८८५००१ पासून डावी कूपे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ आली तेव्हा मालिका १ई ने सुरू झाली: १ई१००१ उजवी उघडी, १ई१०००१ डावी उघडी, १ई२०००१ उजवी कूपे, १ई३०००१ डावी कूपे. नंतरच्या सिरीज २ ई-टाइपला १आर, व्ही-१२ इंजिनच्या सिरीज ३ ला १एस.

बहुसंख्य ई-टाइप डाव्या स्टिअरिंगच्या होऊन अमेरिकेत गेल्या. पुढे त्यांतल्या कितीतरी ब्रिटनमध्ये परत आल्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या गेल्या. त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाडीवर ८७५००१ किंवा १ई१०००१ च्या पुढचा नंबर दिसला तर ती रूपांतरित आहे. चालवायला ती वाईट नसते. फक्त 'मूळची उजवी' या भावाने घेऊ नका.

इंजिनाकडेही तितकंच नीट बघा, कारण जग्वारचं एक्सके इंजिन वर्षानुवर्षं सेडान आणि स्पोर्ट्स दोन्ही गाड्यांत बसत होतं. ३.८ ई-टाइपचं इंजिन आर किंवा आरए ने सुरू होतं, ४.२ चं ७ई ने. मार्क २ सेडानच्या ३.८ इंजिनावर एल ने सुरू होणारी अक्षरजोडी असते. आर ऐवजी एल दिसलं तर कळतं की मूळ इंजिन कधीतरी निकामी झालं आणि कुणीतरी हाताशी असलेलं सेडानचं घातलं. गिअरबॉक्समध्ये ३.८ ला ईबी, ४.२ ला ईजे. ३.८ च्या गाडीत ईजे बॉक्स सापडणं फार नवल नाही: जुन्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली योजना) नव्हता, नव्याला सगळ्या गिअरना होता, म्हणून रोज चालवणाऱ्यांनी तो मुद्दाम बसवून घेतला. मी अशा गाडीला नाकं मुरडत नाही. नोंद हवी एवढंच.

पंच खरा की नवा

कारखान्यात एकेक आकड्याचा पंच हातात धरून हातोडीने ठोकत. त्यामुळे आकडे थोडे वर-खाली, एखादा किंचित तिरका, एखादा खोल, हे नैसर्गिक आहे. नवशिक्याला उलट वाटतं, त्याला सरळ रेषेतला सुबक नंबर खरा वाटतो. सुबकपणाचीच जास्त चौकशी करा.

बघायचं ते आकड्यांच्या आजूबाजूच्या धातूकडे. टॉर्च समोरून न धरता अगदी आडवी, धातूला जवळजवळ टेकवून धरा म्हणजे उंचसखलपणा सावलीने उठून दिसतो. नंबराची जागा भोवतालच्या धातूपेक्षा खोलगट आहे का? एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा, म्हणजे ग्राइंडर किंवा कानस चालवल्याच्या खुणा आहेत का? कडेला वेल्डिंगची उंच रेघ आहे का? गंजाचे खड्डे विशेष बोलके असतात. जुना पंच असेल तर गंज आकड्यांच्या आतही शिरलेला असतो आणि त्यांच्या कडा खाल्लेला असतो. भोवती गंजाचे खड्डे आणि आकड्यांच्या कडा मात्र धारदार, खड्ड्यांना चिरत गेलेल्या, असं दिसलं तर पंच गंजानंतरचा आहे.

मग पेन्सिल. आरटीओत गाडी नावावर करताना एजंट चेसिस प्रिंट काढतो ते पाहिलं असेलच. तेच करा. नंबरावर पातळ कागद सेलोटेपने ताणून बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. डोळ्याला न दिसलेला पुसट आकडा कधीकधी कागदावर उमटतो: ८ च्या खाली ३ ची कड, ० च्या आत जुना ६. हा कागद तारीख घालून जपून ठेवा. तीच मालिका असलेल्या, खात्रीच्या गाडीचा प्रिंट क्लबमधल्या कुणाकडून मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवा. आकड्यांची वळणं, १ ला डोकं आहे की नुसती काठी, ४ बंद की उघडा, हे पंचांच्या संचाप्रमाणे बदलतं आणि जवळजवळच्या नंबरांच्या गाड्यांत ते सारखं यायला हवं.

ओळखपट्टीबद्दल थोडं. नव्या पट्टीची छपाई जास्त कुरकुरीत असते, आणि आकडे पंच करण्याऐवजी यंत्राने कोरलेले असतात. पट्टीखाली नवा रंग असणं हा दोष नाही, रंगकाम नीट करताना पट्टी काढावीच लागते. नवी पट्टी हाही गुन्हा नाही, जर जुनी, वाकलेली, पुसट पट्टी मालकाने ठेवली असेल तर. जुनी फेकून दिली असं सांगणाऱ्याला मात्र कधी, का, कुठल्या गॅरेजात, हे विचारावं.

सुटे भागही साक्ष देतात. लुकासच्या डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष पंच केलेलं असतं. ते गाडी बनल्याच्या तारखेच्या थोडं आधीचं हवं. एखादा भाग बदललेला असणारच, पण सगळेच भाग गाडीपेक्षा दोन वर्षांनी धाकटे असतील तर चेसिस नंबर ज्या वर्षाचा म्हणून सांगितला आहे त्यावर विश्वास बसणं अवघड.

कारखान्याची नोंद मागवा

हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. जग्वारच्या जुन्या नोंदी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहेत आणि ट्रस्ट फी घेऊन प्रमाणपत्र देतो. त्यावर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, बाहेरचा रंग, आतल्या चामड्याचा रंग, बनल्याची तारीख, कारखान्यातून निघाल्याची तारीख आणि ती कोणत्या वितरकाकडे गेली हे असतं. ऑस्टिन-हिली, ट्रायम्फ आणि एमजीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे विचारा. मालकीचा पुरावा लागतो, म्हणून अर्ज विकणाऱ्याला करायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर त्यातच तुमचं उत्तर आहे. आपण जमीन घेताना सातबारा बघून थांबत नाही, फेरफार काढतो, तसंच हे.

प्रमाणपत्र हातात असलं तरी काम संपत नाही. ते कारखान्यातून काय निघालं एवढंच सांगतं, समोर उभी गाडी तीच आहे हे सांगत नाही. कागदावरचे चार नंबर आणि धातूवरचे चार नंबर तुम्हालाच जुळवायचे आहेत.

एमजी, ट्रायम्फ, हिली

एमजी टी-मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत चेसिस नंबराची सुरुवात ०२५१ पासून होते, कारण एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. टीसी म्हणजे १९४५ ते १९४९, नंबर टीसी/०२५१ पासून, चेसिसच्या पुढच्या डाव्या टोकाला पंच केलेला. इंजिनावर अष्टकोनी पितळी पट्टी असते आणि नंबर एक्सपीएजी ने सुरू होतो. ही पट्टी रिव्हेटची, त्यामुळे ब्लॉक बदलला तरी जुनी पट्टी नव्या ब्लॉकवर चढवता येते, हे ध्यानात ठेवा.

एमजीबी आणि ऑस्टिन-हिली यांचे नंबर एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, दोन्हींची मालक कंपनी) पद्धतीचे. एमजीबीचा जीएचएन३: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसी, एन म्हणजे उघडी टू-सीटर, ३ ही मालिका. एन च्या जागी डी असेल तर जीटी कूपे. हिलीच्या बीएन१ मध्ये बी म्हणजे २००० ते २९९९ सीसी. हिली ३००० चं इंजिनही प्रत्यक्षात २९१२ सीसीच, म्हणून तिथेही बी.

मोठ्या हिलीचा बॉडी नंबर हा माझ्या मते सगळ्या ब्रिटिश गाड्यांतला शिकायला उत्तम. बॉडी वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनकडे बनायच्या आणि प्रत्येक बॉडीला बॉनेट, डिकीचं झाकण, कॉकपिटच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्ट्या हाताने घासून बसवायच्या. एका गाडीचं बॉनेट दुसरीला नीट बसायचं नाही, म्हणून सुटे करून रंगवताना अदलाबदल होऊ नये यासाठी त्यांवर बॉडीचा नंबर पंच करत. बल्कहेडवरची बॉडी नंबरची पट्टी वाचा, मग बॉनेटच्या आतल्या कडेला आणि कॉकपिटच्या पट्ट्यांच्या खालच्या अंगाला तोच नंबर शोधा. रंगाच्या थराखाली तो दडलेला असतो, आडव्या टॉर्चने सापडतो. सगळीकडे एकच नंबर मिळाला तर ती गाडी साठ-सत्तर वर्षं आपल्या स्वतःच्या पत्र्यानिशी टिकली आहे.

ट्रायम्फ टीआर२ ते टीआर४ मध्ये मात्र फार जपून. तिथे चेसिस नंबराला कमिशन नंबर म्हणतात आणि तो चेसिसवर पंच केलेला नसतो, फक्त बल्कहेडवरच्या पट्टीवर असतो. टीआर२ टीएस१ पासून, टीआर३ टीएस८६३७ पासून, टीआर३ए टीएस२२०१४ पासून, टीआर४ ला सीटी. शेवटी एल म्हणजे डावं स्टिअरिंग, ओ म्हणजे ओव्हरड्राइव्ह, गिअरबॉक्सला जोडलेला वेगात इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर. पट्टीवर ओ आहे आणि गाडीत ओव्हरड्राइव्ह नाही, तर गिअरबॉक्स बदललेला किंवा पट्टी दुसरीची. या गाड्यांत बॉडी नंबरची वेगळी पट्टी आणि नोंदीचं प्रमाणपत्र याशिवाय दुसरा आधार जवळजवळ नाही.

आपल्याकडचे कागद

भारतात जुन्या आरसीवरचे नंबर हाताने उतरवलेले. राज्य बदललं, बुक हरवून दुय्यम प्रत निघाली, की दर वेळी नवी चूक शिरायला वाव. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत सगळ्यात जास्त. ई-टाइपचा '१ई' हा 'आयई' म्हणून लिहिलेला असू शकतो. अशी चूक प्रामाणिक असते, पण ती दुरुस्त करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती नाव बदलण्यापूर्वी व्हावी. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही, ज्याने आरसीतला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल.

२०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे वर सांगितलेली सगळी तपासणी हौसेपुरती राहत नाही.

अमेरिकेत राहून अशी गाडी शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की १९५० च्या आसपासच्या ब्रिटिश गाड्यांच्या टायटलवर, म्हणजे तिथल्या मालकीच्या कागदावर, काही राज्यांत चेसिसऐवजी इंजिन नंबर लिहिलेला आढळतो. तिथे टायटल आणि चेसिस जुळले नाहीत म्हणून लगेच घाबरू नका, आधी तो आकडा इंजिनाशी ताडून बघा.

जुळलं नाही तर, आणि गाडी घेतल्यावर

इंजिन किंवा गिअरबॉक्स जुळत नसेल आणि मालक ते मोकळेपणाने सांगत असेल, तर किंमत त्याप्रमाणे ठरवून गाडी जरूर घ्या. चालवण्याचा आनंद तसूभरही कमी होत नाही. बॉडी नंबर जुळत नसेल तर त्या बॉडीचा इतिहास कागदावर मागा, कारण ती बॉडी ज्या दुसऱ्या गाडीची आहे तिचा नंबर आज कुणाकडे तरी असू शकतो. चेसिसवरचा पंच खोडलेला, पुन्हा ठोकलेला आणि त्याचं कारण कुणाला सांगता येत नाही, अशी गाडी मी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका म्हणेन. ती चोरीची असण्याची शक्यता राहते, आणि ते ओझं नव्या मालकावर येतं.

गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या नंबरांचे आडव्या उजेडात फोटो काढा, पेन्सिल प्रिंट काढा, आणि ते दोन ठिकाणी ठेवा. पितळी पट्टी ब्रासोने चमकवू नका, प्रत्येक वेळी आकड्यांच्या कडा थोड्या झिजतात. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना पट्ट्या स्वतः काढून, स्क्रूसकट पाकिटात घालून घरी आणा, आणि पंचच्या जागेवर पुट्टी किंवा जाड प्रायमर मारायचा नाही हे मिस्त्रीला लेखी द्या. पंचवर पातळ तेलाचा हात दर पावसाळ्याआधी फिरवा, कोकणात आणि गोव्यात असाल तर पावसाळ्यानंतरही.